कालिंदीची लायब्ररी

संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात एका चष्म्याच्या दुकानावर, तीन खोल्यांत वैजनाथ सरांची कंपनी होती. दवाखाने, पतसंस्था, शाळा अशा आपल्याच शहरातल्या संस्थांना मोबाइलची ॲप बनवून द्यायची, हा धंदा. विशाखाला तिथं लागून चौथं वर्ष चालू होतं. हर्सूलहून स्कूटीवर यायची, डबा टेबलाखाली सरकवायची आणि एकदा कामात शिरली की कुणी हाक मारली तरी दुसऱ्या हाकेला ओ द्यायची. सर म्हणायचे, "हिच्या खुर्चीखाली साप निघाला तरी ही आधी हातातलं ॲप बांधून पूर्ण करेल."

दिवाळी होऊन गेली आणि जालना रोडवरच्या एका धर्मादाय डायलिसिस सेंटरमधून फोन आला. सेंटरचे जुने टॅब एकामागून एक मान टाकत होते, म्हणून ट्रस्टनं नवे घेतले होते. पण कंपनीनं दिलेलं ॲप नव्या टॅबमध्ये उतरायलाच तयार नव्हतं. हे ॲप बाजारात मिळणारं नव्हतं, सेंटरला थेट दिलेलं होतं, त्यामुळे इतकी वर्षं कुणी त्याच्याकडं वळून पाहिलं नव्हतं.

विशाखानं ते उघडून तपासलं. बाकी सगळं नव्यानं बांधता येत होतं. अडत होतं एकाच ठिकाणी. पेशंटचं नाव शोधायचं काम एक लायब्ररी करत होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. एखादं काम करणारा कोड एकदा नीट लिहायचा, फोनच्या प्रोसेसरला कळेल असा बांधून त्याची बंद फाइल करायची, आणि पुढं दर ॲपला ते काम पुन्हा न लिहिता ती फाइलच जोडायची. ॲप बांधताना ती त्यात कायमची मिसळून जाते. सोय मोठी, पण बंद फाइल उघडून वाचता येत नाही. ज्या मूळ कोडापासून ती बांधली तो हाताशी असला तरच तिला पुन्हा बांधता येतं. ही फाइल जुन्या, बत्तीस बिटांच्या फोनांसाठी बांधलेली होती. नवे टॅब फक्त चौसष्ट बिटांचं चालवून घेत होते. आणि मूळ कोड कंपनीत कुठंच नव्हता.

फाइलीचं नाव होतं libsarkha. शेजारच्या टेबलावरचा मिहिर ते वाचून हसला. "सर का हय, छेड़नेका नय," तो म्हणाला. ऑफिसात ही गंमत जुनीच होती. नवं पोरगं लागलं की त्याला सांगायचे, ही सरांची लायब्ररी आहे, हिला हात लावायचा नाही. जोडायची आणि पुढं चालायचं. सात ॲपमध्ये ती जोडलेली होती.

विशाखा सरांच्या खोलीत गेली.

"सर, नाव शोधायच्या लायब्ररीचा कोड तुमच्याकडं असंल ना?"

"माझ्याकडं?" सरांनी चष्मा काढला. "ती मी नाही लिहिली. कालिंदीनं लिहिली. तुझ्या आधी, बऱ्याच आधी होती ती इथं. कोड तिच्या मशीनवर होता. ती नोकरी सोडून गेल्यावर त्या मशीनची डिस्क उडाली."

"बॅकअप?"

सरांनी नुसती मान हलवली. बॅकअप नव्हता.

"मग त्यांना फोन करू या ना, सर."

"माझा फोन ती उचलणार नाही," सर म्हणाले आणि चष्मा पुन्हा लावून पडद्याकडं बघायला लागले. यापुढं विचारायचं नसतं, एवढं विशाखाला कळत होतं.

मिहिरनं मार्ग सुचवला. ती लायब्ररी काढून टाकायची आणि साधा शोध बसवायचा. जे नाव टाइप केलं, अक्षराला अक्षर जुळलं तर दाखवायचं. "नावच तर शोधायचंय," तो म्हणाला. "त्याला एवढं काय लागतंय?" विशाखालाही ते पटलं. दुपारपर्यंत काम झालं, संध्याकाळी ॲप नव्या टॅबमध्ये चालू झालं. ती समाधानानं घरी गेली.

पुढच्याच आठवड्यात सेंटरमधून सरितामॅडमचा फोन आला. सरिता तिथली मुख्य नर्स, वीस माणसांच्या आरड्याओरड्यातही आवाज न चढवणारी बाई. त्या दिवशीही तिनं आवाज चढवला नाही.

"आमच्याकडं एक पेशंट आहे, कडूबाई. फुलंब्रीकडच्या एका गावाहून येते. आज काउंटरवरच्या नव्या मुलीनं नाव टाकलं, तुमच्या ॲपनं दाखवलं नाही. तिला वाटलं नवीन पेशंट आहे, तिनं नवी नोंद केली. जुन्या नोंदीत लिहिलेलं आहे की या बाईला एका इंजेक्शनची ॲलर्जी आहे. नव्या नोंदीत काय असणार? इंजेक्शन भरून तयार होतं. बाईच म्हणाली की हे मला चालत नाही, म्हणून थांबलं. नाही म्हणाली नसती तर?"

विशाखा स्कूटी काढून तशीच सेंटरला गेली. चूक कुठं झाली ते टॅब हातात घेताच दिसलं. जुनी नोंद 'कडूबाई', नव्या मुलीनं टाइप केलं 'कडुबाई'. एका उकाराचा फरक. जुन्या लायब्ररीनं दोन्ही एकच धरलं असतं. तिनं बसवलेल्या साध्या शोधाला तेवढंही कळत नव्हतं.

कडूबाई मशीनला लावलेल्या हातानिशी पडून होती. साठीच्या पुढची, काटक बाई. विशाखानं जवळ जाऊन सांगितलं, "मावशी, ते ॲप मी बनवलंय. चूक माझ्याकडून झाली."

"तू व्हय?" कडूबाईनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "लहान दिसतीस की. मला मागल्या टायमाला ते इंजेक्शन दिलं अन् अंगभर गांधी उठल्या. म्या काय ते इसरते व्हय?"

"नाव लिहिताना फरक पडला, त्याच्यानं तुमची जुनी माहिती दिसली नाही."

"माझ्या आधीची दोन लेकरं गेली," कडूबाई म्हणाली, "म्हणून आईनं माझं नाव कडू ठेवलं, अन् माझ्या पाठच्या भावाचं सांडू. वाईट नाव ठिवलं की मरण बी नाक मुरडतं म्हणं. आता ते नाव कसं लिवायचं ते तुमचं तुम्ही बघा बाई. म्या हाय तीच हाय."

सरितानं विशाखाला दारापर्यंत सोडलं. "जुनं होतं तसं करून दे," ती म्हणाली. "तोवर आम्ही प्रत्येक पेशंटला तोंडानं विचारत राहू. ते तसंही करायलाच पाहिजे." विशाखाला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी जेवताना तिनं वडिलांना सगळं सांगितलं. धम्मपाल एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ज्या बाईनं ती लिहिली, तिला गाठलं का?"

"सर म्हणतात ती फोन उचलत नाही."

"त्यांचा उचलत नसंल. तू जा की."

ऑफिसात जुनी माणसं कुणी राहिली नव्हती, पण खालच्या चष्म्याच्या दुकानातल्या अप्पारावांना कालिंदी आठवत होती. पडेगावला राहते, दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यांच्या भाच्याची पोरगी तिच्याकडंच जाते, असं त्यांनी सांगितलं आणि पत्ता, फोन नंबरही दिला. विशाखानं आधी फोन केला. पलीकडून "या," एवढंच उत्तर आलं.

छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की पडेगाव येतं. विशाखा घर शोधत पोचली तेव्हा फाटक उघडं होतं आणि अंगणात चाळिशीला टेकलेली एक बाई पदर खोचून, हातात नळी धरून, निळ्या ड्रमपाशी उभी होती.

"विशाखा ना? आज पाणी आलंय गं, आठ दिवसांनी. तासाभरात जाईल. बोलायचं असेल तर भरता भरता बोलू या. ती बादली घे."

विशाखानं पर्स पायरीवर ठेवली आणि बादली घेतली. ड्रम, हंडे, पिंप, शेवटी घरातली पातेलीसुद्धा. या शहरात पाण्याच्या दिवशी पाहुण्याला बस म्हणायची पद्धत नाही, आणि ते बरंच झालं. समोरासमोर खुर्च्यांवर बसून जे बोलणं जड गेलं असतं, ते बादल्या उचलताना आपोआप झालं. विशाखानं कडूबाईचं सगळं सांगितलं. आपण लायब्ररी काढून टाकली, हेही लपवलं नाही.

कालिंदीनं नळी दुसऱ्या ड्रममध्ये टाकली. "अजून चालू आहे ती?" तिनं विचारलं. "मला वाटलं केव्हाच फेकून दिली असेल."

"सात ॲपमध्ये आहे, मॅडम. ऑफिसात सगळे तिला 'सर का' म्हणतात. सरांची आहे असंच वाटायचं आम्हाला."

"सर का?" कालिंदीला आधी कळलं नाही. मग तिनं नळी धरलेला हात कपाळाला लावला आणि ती हसायला लागली. पण हसू फार टिकलं नाही. "अगं, 'सारखं'! सारखं नाव शोधून देते म्हणून सारखं. इंग्रजीत लिहिलं की झालं का ते सरांचं?"

विशाखानं भरलेली बादली बाजूला ठेवली. कालिंदीच बोलत राहिली. तिची मुलगी मृण्मयी दिवस भरायच्या आधी झाली होती. काही महिने तिला काचेच्या भांड्यासारखं जपावं लागलं. कालिंदीनं सरांना म्हटलं, मी घरून काम करते, काम थांबणार नाही. सर म्हणाले, घरून काम होत नसतं. तिनं राजीनामा दिला. "पुढं लॉकडाऊन लागला आणि सगळ्या जगाचं काम घरून व्हायला लागलं. मी ओट्यापाशी उभी राहून एकटीच हसले होते त्या दिवशी." तिनं नळ बंद केला. पाणी गेलं होतं. "माझ्याकडं कोड नाही, विशाखा. आणि आता येतही नाही मला. एवढ्या वर्षांत सगळं बदललंय. मी पोरांना प्रमेयं शिकवते."

"मला एकच सांगा," विशाखा म्हणाली. "न आणि ण एकच धरले तरी चालेल. पण स, श, ष? आमच्या गल्लीत शबाना आहे अन् सबाना पण आहे, दोघी वेगळ्या."

"अगं, ते एकदम एक नाही धरायचं," कालिंदी लगेच म्हणाली. "त्याला वजन द्यायचं. उकार-वेलांटीचा फरक म्हणजे जवळजवळ शून्य. न-ण थोडा. स-श त्याहून जास्त. सगळ्या फरकांची बेरीज करायची आणि ती एका मर्यादेच्या आत असली तर नाव दाखवायचं. अनुस्वाराचं वेगळंच होतं काहीतरी, सांडू आणि साण्डू…" ती बोलता बोलता थांबली. आपल्याला येत नाही असं आपण आत्ताच म्हणालो, हे तिच्याही लक्षात आलं होतं.

"आत ये," ती म्हणाली. "चहा टाकते."

चहा पिताना विशाखानं आणलेला जुना टॅब काढला. सेंटरनं टाकून दिलेल्यांपैकी एक अजून चार्जिंगला लावल्यावर उजेड धरत होता, आणि त्याच्यावर जुनं ॲप जिवंत होतं. लायब्ररी उघडून वाचता येत नसली तरी तिला प्रश्न विचारता येत होते. दोन नावं टाकायची आणि ती जुळवते की नाही ते बघायचं. पुष्कळ नावं विचारली की आतले नियम काय असतील ते बाहेरून ओळखता आलं असतं. कालिंदीनं टॅब मांडीवर घेतला आणि टाइप करायला लागली. शिकवणीची पोरं येईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

निघताना विशाखानं सरळच विचारलं, "कराल ना, मॅडम?"

"मॅडम नको. ताई म्हण." कालिंदी फाटकाशी थांबली. "पण सरांनी स्वतः येऊन सांगितलं पाहिजे. घरून करेन, सकाळी. आणि या वेळी कोड एका मशीनवर राहणार नाही. सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा, कुणी लिहिलाय त्या नावांसकट."

विशाखानं ते जसंच्या तसं सरांना सांगितलं. सर बराच वेळ पेन फिरवत बसले. दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटीच्या मागं सरांची गाडी पडेगावला आली. अंगणात आल्यावर सर चप्पल काढून पायरीपाशी उभे राहिले, आत या म्हटल्यावरही.

"कालिंदी, तेव्हा माझं चुकलं," ते म्हणाले. "मला कळलं होतं, पण म्हणायला तोंड झालं नाही."

"आता झालं ना," कालिंदी म्हणाली. "बसा. पंखा लावते."

काम सुरू झालं. सकाळी मृण्मयी शाळेत गेली की कालिंदी संगणकापुढं बसायची आणि उस्मानपुऱ्यात विशाखा. दोघींचा कोड आता एकाच जागी होता, एकीनं लिहिलं की दुसरीला दिसायचं. पहिले काही दिवस कालिंदी अडखळली. तिची अवजारं जुनी होती. कोड लिहायची भाषा तीच, सी प्लस प्लस, होती तरी आजूबाजूचं जग बदललं होतं. विशाखा फोनवर सांगायची, "ताई, ते आता असं नसतं करत," आणि कालिंदी, "बरं बाई, दाखव," म्हणायची. नियमांच्या बाबतीत मात्र उलटं. एखाद्या नावापाशी विशाखा तासभर डोकं धरून बसायची आणि कालिंदी फोनवर ऐकून म्हणायची, "जोडाक्षर आधी सोडव, मग मोज," आणि गाठ सुटायची.

जुना टॅब विशाखाच्या टेबलावर असायचा. रोज ती त्याला नावं विचारायची. एकदा सहज तिनं वडिलांचं नाव टाकलं. लायब्ररीला आणखी एक सवय होती. टाइप केलेल्या नावाचं ती एक प्रमाण रूप करायची आणि काही ॲपमध्ये पडद्यावर तेच रूप दिसायचं. विशाखानं लिहिलं 'धम्मपाल'. पडद्यावर आलं 'धर्मपाल'.

ती खुर्चीत मागं टेकली. लहानपणी तिनं हे ऐकलेलं होतं. शाळेत मास्तरांनी वडिलांचं नाव धर्मपाल लिहून टाकलं होतं, शुद्ध म्हणून. आजोबा शाळेत जाऊन उभे राहिले होते की माझ्या पोराच्या नावात धम्म आहे, तो आम्ही विचार करून घेतलाय, तो तसाच लिहा. सर्टिफिकेट बदलून घ्यायला वडिलांना पुढं किती खेटे घालावे लागले होते. आणि आता तेच दुरुस्त करणारं यंत्र सात ॲपमध्ये वर्षानुवर्षं मुकाट्यानं चालत आलं होतं. एकदा लिहिलं की सगळीकडं पोचतं, ही लायब्ररीची जी सोय, तीच इथं अंगावर आली होती.

तिला राग आला, आणि ज्या बाईवर यायला हवा होता तिच्यावर तो येईना, म्हणून ती आणखी अस्वस्थ झाली. दुपारी तिनं पडेगावला जाऊन टॅब कालिंदीपुढं धरला.

"ताई, हे माझ्या वडिलांचं नाव."

कालिंदीनं वाचलं. पुन्हा वाचलं. "हे मी केलंय," ती हळू म्हणाली. "मी त्यात शुद्ध रूपांचा एक नियम घातला होता. कर्म, धर्म, असलं. कुणी घाईत चुकीचं टाइप केलं तर सुधारावं म्हणून. धम्म हे चुकलेलं धर्म नाही, हे… माझ्या मनातही आलं नाही तेव्हा."

"पण शोधायला ते लागंल ना?" विशाखा म्हणाली. गाडी चालवताना सगळ्या रस्त्यानं तिनं हाच विचार केला होता. "काउंटरवरच्या माणसानं धर्मपाल टाइप केलं तरी धम्मपाल सापडले पाहिजेत. नाहीतर कडूबाईसारखंच होईल."

"सापडले पाहिजेत. पण बदलायचं नाही." कालिंदीनं टॅब खाली ठेवला. "सारखं म्हणजे तेच नव्हे. आपण फक्त सारखी नावं शोधून समोर ठेवू. माणसानं जसं लिहिलंय तसंच दाखवायचं, त्यात बोट घालायचं नाही. आणि कोणता माणूस आपला, ते काउंटरवरच्या माणसानं गाव आणि वय बघून, विचारून ठरवायचं. लायब्ररीनं नाही."

त्या दिवशी प्रमाण रूपांचा सगळा भाग त्यांनी काढून टाकला. काढताना कालिंदी एकेक ओळ मोठ्यानं वाचत होती. तिला त्या ओळी अजून पाठ होत्या. संध्याकाळी विशाखानं वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्या ताईला एकदा जेवायला बोलव." कालिंदी पुढच्या रविवारी मृण्मयीला घेऊन हर्सूलला आली. धम्मपालांनी स्वतः जाऊन मासे आणले होते, आणि ती खात नाही हे ऐनवेळी कळल्यावर विशाखाच्या आईची जी धांदल उडाली ती काही विचारू नका. पिठलं झालं. मृण्मयीनं मासे खाल्ले.

लायब्ररी बांधून तयार झाली तेव्हा विशाखानं ती आधी संगणकावरच्या खोट्या फोनवर चालवून पाहिली. उत्तम चालली. कडूबाई, कडुबाई, कडू बाई, सगळं सापडत होतं. मिहिरला बोलावून तिनं दाखवलं, सरांना दाखवलं. मग डायलिसिसच्या ॲपला जोडून खऱ्या टॅबवर टाकायला गेली, तर बांधतानाच लाल अक्षरांची ही रांग. विशाखाचा चेहरा उतरला. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच.

तिनं कालिंदीला फोन लावून ती लाल अक्षरं वाचून दाखवली. पलीकडून हसणं ऐकू आलं.

"हसताय काय, ताई?"

"अगं, मी पहिल्यांदा बांधली होती तेव्हा मला याच्यानंच रडवलं होतं. तू ती फक्त संगणकाच्या प्रोसेसरसाठी बांधलीस. खोटा फोन संगणकाचाच प्रोसेसर वापरतो, म्हणून तिथं चालली. टॅबचा प्रोसेसर वेगळा. दोन्हींसाठी वेगवेगळी बांध, आणि दोन्ही फाइली आपापल्या कप्प्यात ठेवून एकत्र दे. ॲप बांधताना जी पाहिजे ती उचलली जाते."

तसं केलं आणि चाललं. विशाखानं खुर्चीवरून उठून मिहिरच्या पाठीत धपाटा घातला. तो बिचारा चहा पीत होता.

तरी काम संपलं नव्हतं. अशी लायब्ररी ॲपच्या आत मिसळलेली असते, त्यामुळे नवी आली म्हणून जुनी ॲप आपोआप सुधारत नाहीत. सातही ॲप एकेक करून नव्यानं बांधायची, तपासायची आणि त्या त्या संस्थेत जाऊन बसवायची. मिहिरनं तीन घेतली, विशाखानं चार. पहिलं अर्थातच डायलिसिस सेंटरचं. सरिता शेजारी उभी होती. तिनं आधी सगळ्या पेशंटची नावं मुद्दाम चुकीची टाइप करायला लावली. प्रत्येक वेळी बरोबर माणूस, गाव आणि वयासकट, आणि ॲलर्जी असेल तर लाल पट्टी. दुबार झालेल्या नोंदीही त्यात उघड्या पडल्या, त्या तिनं जागेवर एक करून घेतल्या.

"हां," सरिता म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

हे सगळं चाललेलं असताना जालन्याहून एक मेल आला. करुणा नावाची मुलगी, तिथल्या एका लहान कंपनीत काम करणारी. बालवाड्यांसाठी ॲप करत होती, आणि पोरांची नावं शोधताना तिचीही तीच अडचण. तिच्या कुणी ओळखीच्यानं सांगितलं होतं की संभाजीनगरात अशी काहीतरी लायब्ररी आहे. वापरायला मिळेल का?

विशाखानं तो सरांना दाखवला. त्यांनी वाचून कालिंदीला फोन लावला, आणि या वेळी तिनं उचलला. "तुझं काय म्हणणं?" त्यांनी विचारलं. ती काय म्हणाली ते विशाखाला ऐकू आलं नाही, पण सर म्हणाले, "मलाही तसंच वाटतं. खुली करून टाकू. कुणीही घ्यावी, कुणीही सुधारावी." मग फोन तसाच कानाला धरून विशाखाकडं बघत म्हणाले, "पण कशी जोडायची ते कुणीतरी नीट लिहून द्यावं लागेल. आणि कालिंदी म्हणते की मराठीत."

मराठीत! विशाखानं आजवर असलं सगळं इंग्रजीतच वाचलं होतं, इंग्रजीतच लिहिलं होतं. कॉलेजात पहिल्या वर्षाला त्या पानांपुढं बसून, शब्द कळतायत पण अर्थ लागत नाही म्हणून रडकुंडीला आल्याचं तिला अजून आठवत होतं. जालन्यातल्या त्या मुलीलाही तसंच होत असेल. किंवा नसेलही, पण तिच्यानंतर येणाऱ्या कुणाला तरी नक्की होत असेल.

ती जागेवर आली, कोरं पान उघडलं आणि पहिलं वाक्य लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. अडलं ते एका साध्या क्रियापदापाशी. तिनं फोन उचलला.

"ताई, लायब्ररी ॲपला 'जोडा' म्हणू, का ॲपमध्ये 'घ्या'?"

पलीकडं कालिंदी कुणा पोराला म्हणत होती, "तू तोवर पुढचं गणित सोडव." मग फोनवर आली. "थांब. आधी मला वाक्य वाचून दाखव. पूर्ण."

विशाखा वाचायला लागली.